विजेची गाडी आणि सोसायटीची सभा

मुंबईची उपनगरे विजेने वसवली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेवरची आगगाडी धावली. १९२८ साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत पोहोचली. १९२९ साली उपनगरांना वीज पुरवण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांतून बाहेर पडलेला मराठी मध्यमवर्ग पुढे याच रुळांच्या आधाराने अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंडला स्थिरावला. आज शंभर वर्षांनंतर तीच वीज त्याच्या दारात उभ्या असलेल्या मोटारीपर्यंत येऊन ठेपली आहे. फरक इतकाच की, लोकलसाठी वीज कोठून आणायची याची चिंता रेल्वेने वाहिली होती. मोटारीसाठी ती कोठून घ्यायची, हे ज्याचे त्याला ठरवावे लागत आहे.

पाडवा आणि दसरा हे आपल्याकडे वाहनखरेदीचे मुहूर्त. या मुहूर्तांच्या आधी घराघरांत जी चर्चा होते, तिच्यात आता एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. गाडी पेट्रोलवरची घ्यावी की विजेवरची? मुलगा म्हणतो विजेची. वडिलांना पेट्रोलच्या गाडीचा अनुभव आणि भरवसा असतो. विक्रेता मात्र नि:शंक असतो. ‘किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया’ हे त्याचे वाक्य ठरलेले आहे. हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग गाडी घरी आल्यानंतर, इमारतीच्या तळमजल्यावर उलगडतो. म्हणून हा हिशेब विक्रेत्याच्या कागदावर न करता कुटुंबाच्या वहीत करावयास हवा.

प्रथम खरेदीचा खर्च पाहू. विजेच्या मोटारीला शासनाने हात दिला आहे, हे नि:संशय. १ ऑगस्ट २०१९ पासून तिच्यावरचा वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. महाराष्ट्रात पेट्रोलच्या खासगी मोटारीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी वाहनकर भरावा लागतो. विजेच्या मोटारीला राज्याच्या २०२१च्या आणि त्यानंतर २०२५च्या धोरणाने त्यातून सूट दिली. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने संमत केलेल्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवरील पथकराची माफीही जाहीर झाली. पण याच काळात काही सवलती ओसरल्याही आहेत. विजेच्या वाहनासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत मिळणारी आयकर वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला आणि त्या गाड्या लक्षणीय स्वस्त झाल्या. साहजिकच दोहोंच्या किमतींतील अंतर, जे कमी होत आले होते, ते लहान गाड्यांपुरते पुन्हा रुंदावले. एकाच बनावटीची, सारख्या सोयींची गाडी विजेवर घेतली, तर सर्व कर धरूनही दोन ते चार लाख रुपये अधिक मोजावे लागतील, असे समजून चालणे व्यवहाराला धरून होईल. सोयीसाठी हा फरक तीन लाख धरू.

आता चालवण्याचा खर्च. २०२५ साली मुंबईत पेट्रोल लिटरला १०३ रुपयांच्या आसपास होते. पश्चिम द्रुतगती मार्गावर किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावर सकाळी नऊ वाजता जो अडकला आहे, तो कंपनीने छापलेल्या सरासरीवर विश्वास ठेवणार नाही. लिटरला १२ किलोमीटर धरले तर किलोमीटरचा खर्च साडेआठ रुपये होतो. विजेची गाडी, चार्ज करताना वाया जाणारी वीज धरून, एका युनिटमध्ये सुमारे सहा किलोमीटर जाते असे मानू. घरच्या मीटरवर युनिटला दहा रुपये धरले, तर खर्च पावणेदोन रुपयांच्या आत राहतो. म्हणजे किलोमीटरमागे पावणेसात रुपयांची बचत. आकडा मोठा आहे, यात शंका नाही.

पण बचत दराने होत नाही, वापराने होते. बोरिवलीतील एक सर्वसामान्य कुटुंब घ्या. नवरा-बायको दोघेही लोकलचा पास काढून चर्चगेटला जातात. गाडी निघते ती रविवारी, सणासुदीला, आईवडिलांना डॉक्टरांकडे नेताना आणि वर्षातून एकदा कोकणात जाताना. वर्षाला फार तर चार हजार किलोमीटर. या कुटुंबाची बचत वर्षाला २७ हजार रुपये. तीन लाख वसूल व्हायला अकरा वर्षे लागतील. त्यातच हे जादा तीन लाख नऊ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असतील, तर पहिल्या वर्षाचे व्याजच २७ हजार होते. म्हणजे पेट्रोलपंपावर वाचलेला पैसा तसाच बँकेत भरायचा!

याउलट मुलुंडहून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत रोज जाणारा नोकरदार घ्या. येण्याजाण्याचे चाळीस किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे बारा हजार किलोमीटर. त्याची बचत ८१ हजार; पावणेचार वर्षांत तीन लाख वसूल. गाडी तीच, दर तेच, आणि निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध. ज्याचे पाय लोकलने तोलून धरले आहेत, त्याला विजेची मोटार महाग. ज्याला रस्त्याशिवाय पर्याय नाही, त्याला ती स्वस्त. उपनगरांच्या बाबतीत हा भेद विसरून चालणार नाही.

वहीत आणखी काही नोंदी करायच्या आहेत. देखभालीत विजेची गाडी सरस आहे. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाहीत. विम्याचे मात्र तसे नाही. २०२२ साली ठरलेल्या दरांत विद्युत वाहनांना तृतीयपक्ष विम्यात १५ टक्के सवलत मिळाली, हे खरे. पण पेट्रोल गाडीचा हप्ता इंजिनाच्या आकारमानावर आणि विजेच्या गाडीचा मोटरच्या शक्तीवर ठरतो. १००० ते १५०० सीसीच्या पेट्रोल गाडीला ३,४१६ रुपये, तर ६५ किलोवॉटपेक्षा अधिक शक्तीच्या विद्युत मोटारीला ६,७१२ रुपये! आज खपणाऱ्या अनेक मध्यम विद्युत मोटारी या दुसऱ्या वर्गात मोडतात. शिवाय गाडीची किंमतच अधिक असल्याने स्वत:च्या नुकसानीच्या विम्याचा हप्ताही वाढतो. देखभालीत वाचलेल्या पैशाला येथे थोडी कात्री लागते.

मग बॅटरी. बहुतेक उत्पादक तिची आठ वर्षांची किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. मुलुंडच्या नोकरदाराचा पैसा हमी संपण्याच्या फार आधी वसूल झालेला असतो. बोरिवलीच्या कुटुंबाचा होत नाही. त्यात बॅटऱ्या वेगाने स्वस्त होत आहेत. जगात २०१० साली किलोवॉट-तासाला हजार डॉलरहून अधिक असलेली सरासरी किंमत २०२४ साली ११५ डॉलरपर्यंत उतरली. नव्या ग्राहकाला हा लाभ, पण जुनी गाडी विकू पाहणाऱ्याला तोच तोटा. कारण नवी गाडी स्वस्त आणि अधिक पल्ल्याची मिळत असताना जुनीला भाव कोण देणार? २६ जुलै २००५चा प्रलय ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनात पाण्याचीही धास्ती असते. बॅटरीची पेटी पाण्यापासून सुरक्षित बनवलेली असते आणि बुडालेले पेट्रोल इंजिनही काही सुटत नाही. तरीही तळमजल्यात पाणी भरणाऱ्या वस्त्यांत बॅटरीचे संरक्षण देणारा पूरक विमा घेणे शहाणपणाचे. तोही खर्च वहीत आला पाहिजे.

आणि या दोघांच्या भांडणात तिसरा प्रतिस्पर्धी मुंबईत फार दिवसांपासून उभा आहे. तो म्हणजे सीएनजी. २०२५ साली त्याचा दर किलोला ८० रुपयांच्या आसपास होता. किलोला वीस किलोमीटर धरले तर खर्च चार रुपये. पेट्रोलच्या गाडीपेक्षा सीएनजीची गाडी लाखभर रुपयांनी महाग. म्हणजे मुलुंडच्या नोकरदाराची वर्षाला ५४ हजारांची बचत होऊन ती रक्कम दोन वर्षांच्या आत सुटते. पंपावरची रांग, सामानाच्या जागेत बसलेली टाकी, हे त्रास आहेतच. परंतु विजेच्या गाडीने पेट्रोलला हरवले म्हणजे सर्व जिंकले, असे उपनगरांत तरी म्हणता येत नाही.

येथेच या विषयाच्या गाभ्याशी येऊन पोहोचतो. वरचे सर्व आकडे एका गृहीतावर उभे आहेत, आणि ते गृहीत म्हणजे गाडी घरी चार्ज होते. घरी सोय नसेल आणि सार्वजनिक जलद चार्जरवर युनिटला करासह वीस-एकवीस रुपये मोजावे लागले, तर किलोमीटरचा खर्च साडेतीन रुपयांवर जातो. सीएनजीच्या चार रुपयांत आणि यात आठ आण्यांचा फरक. त्यासाठी दोन लाख अधिक मोजायचे आणि आठवड्यातून दोनदा तासभर चार्जरपाशी थांबायचे? विजेच्या गाडीचा नफा बॅटरीत नाही, तो इमारतीच्या भिंतीवरच्या एका प्लगमध्ये आहे.

आणि तो प्लगच मिळत नाही. उपनगरांतील असंख्य सोसायट्यांतले हे आजचे चित्र आहे. सभासद अर्ज करतो. समिती तो पुढच्या बैठकीवर ढकलते. ‘एकाला दिले तर सगळे मागतील’, ‘आग लागली तर जबाबदार कोण’, ‘सोसायटीची वीज फुकट वापरली जाईल’ ही उत्तरे पाठ झालेली आहेत. शेवटी कोणी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडतो. ज्या आगीच्या भयाने परवानगी नाकारली, ते भय या लोंबत्या वायरीने खरे होण्याची शक्यता अधिक. वर्षानुवर्षे गणेशोत्सव एकत्र साजरा करणारे शेजारी एका प्लगपायी एकमेकांशी बोलेनासे होतात, ही हानी कोणत्याच हिशेबात धरली जात नाही.

समितीच्या शंका सगळ्याच पोकळ आहेत, असे मात्र नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बांधलेल्या चार मजली इमारतींची वीजजोडणी दिवे, पंखे आणि एखादा फ्रिज एवढ्याच हिशेबाने केलेली होती. नंतर घरोघर वातानुकूलन यंत्रे आली आणि मंजूर भाराची मर्यादा गाठली गेली. साध्या चार्जरला सुमारे ३.३ किलोवॉट लागतात. तीस युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास जातात. रात्री दहा गाड्या एकदम लागल्या, तर ३३ किलोवॉटचा नवा भार. जुनी केबल आणि दमट मीटरची खोली हे सोसेल का, हा प्रश्न रास्त आहे. पण रास्त प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते. त्याचा नकारासाठी आडोसा करायचा नसतो.

उत्तर उपलब्धही आहे. पार्किंगची जागा कोणाची, हा वाद मुळात याच उपनगरांतून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, बिल्डरला इमारतीखालील पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती संस्थेची सामाईक जागा आहे. ज्या निर्णयाने सोसायटीला हक्क मिळाला, त्याने तिच्यावर कर्तव्यही टाकले आहे. सामाईक जागेचा वापर सर्वांच्या हिताने व्हावा, हे पाहण्याचे ते कर्तव्य. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वाहनमालक आपल्या घरच्या विद्यमान वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती झाली. विद्युत वाहनासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय झाली आणि महानगरांत नव्या जोडणीची मुदत सात दिवसांवरून तीन दिवसांवर आली. कागदावर सरकार पुढे गेले आहे. सोसायटीचे कार्यालय अजून मागे आहे.

स्वतंत्र जोडणीचे महत्त्व येथे ध्यानात घ्यायला हवे. अंधेरी-बोरिवलीत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण, अशी उपनगरांची वीज वेगवेगळ्या हातांत आहे आणि दरही निराळे आहेत. पण घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, हे सगळीकडे समान. महिना २५० युनिट वापरणाऱ्या घरात रोज गाडी चार्ज होऊ लागली, की आणखी दीडशेहून अधिक युनिटांची भर पडते आणि घर तीनशेच्या वरच्या महागड्या टप्प्यात जाते. वीज नियामक आयोगाने विद्युत वाहनांच्या चार्जिंगसाठी २०१८ पासून वेगळी दरश्रेणी ठेवली आहे. कोणाला कोणता पर्याय परवडेल, हे त्या-त्या कंपनीचे चालू दरपत्रक समोर ठेवून पाहावे.

म्हणून हा प्रश्न एकट्यादुकट्याने सोडवण्याचा नाही. दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा होते आणि बहुधा चहा-बिस्किटांवर उरकते. तिच्या विषयपत्रिकेवर यंदा हा विषय यायला हवा. परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून इमारतीच्या भाराची तपासणी करून घ्यावी. प्रत्येकाने आपापली वायर ओढण्याऐवजी एकच योग्य जाडीची केबल आणि स्वतंत्र मीटरवर सामाईक चार्जर बसवावेत. ज्याने जितकी वीज घेतली, त्याने तितके पैसे भरावेत; ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्या देखभाल आकारात एक रुपयाही वाढू नये. गाड्यांना रात्रीच्या पाळ्या लावाव्यात. घाटकोपरच्या पंतनगरसारख्या जुन्या वसाहतींत, मुलुंडमध्ये आणि बोरिवलीत आज पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्येच आदर्श बांधकाम उपविधींत नव्या इमारतींच्या २० टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय सुचवली होती. बिल्डरशी करार करताना गाळ्याच्या चौरस फुटांवर महिनोन्महिने घासाघीस होते. त्यात पार्किंगच्या वीजभाराचे एक कलम घालायला किती वेळ लागेल?

शासनालाही दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. वाहनकराची माफी ही सर्व करदात्यांच्या पैशातून दिलेली सवलत आहे. ज्याच्याकडे मनोऱ्यात दोन राखीव पार्किंग आहेत, त्याला ती सहज मिळते. चाळीत, गावठाणात, रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्याला ती असून नसल्यासारखी. सवलतीचा काही भाग जुन्या सोसायट्यांच्या केबली आणि वस्त्यांतील सामाईक चार्जर यांकडे वळला, तर ती न्याय्य ठरेल. आणि रोज बेस्टच्या थांब्यावर ताटकळणाऱ्याची विजेवरची बस ही मोटारीच्या आधी यायला हवी.

दुसरी गोष्ट स्वावलंबनाची. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. विजेची गाडी हे ओझे हलके करू शकते. पण तिच्या बॅटरीतील घट मोठ्या प्रमाणावर चीनमधून येत असतील, तर केवळ दाराचा पत्ता बदलला, परावलंबन तेच राहिले. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यातनिर्बंध घातले, तेव्हा वाहन उद्योगाला त्याची झळ बसली. प्रगत बॅटऱ्या देशातच बनाव्यात यासाठी २०२१ साली १८,१०० कोटींची योजना आखली गेली. जम्मू-काश्मीरमध्ये रियासी येथे लिथियमचे साठे असल्याचे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. योजना आणि साठे यांतून प्रत्यक्ष बॅटरी हाती येईपर्यंत या आघाडीवर समाधान मानता येणार नाही.

राहता राहिला प्रश्न घरातल्या चर्चेचा. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर गाडी फिरत असेल आणि पार्किंगमध्ये हक्काचा प्लग असेल, तर विजेची गाडी हा आज शुद्ध व्यवहार आहे. रोज लोकलने जाणाऱ्याला आणि आठवड्यातून एकदाच गाडी काढणाऱ्याला पेट्रोलची लहान गाडी किंवा सीएनजी अजूनही स्वस्त पडते. त्याने शेजाऱ्याकडे पाहून कर्ज काढण्याचे कारण नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण गाडीलाही लागू आहे. आणि प्लग नसेल, तर मुहूर्ताची पावती फाडण्यापूर्वी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे अर्ज द्यावा. समाजात वावरणाऱ्या, चार माणसांना एकत्र बसवण्याची सवय असलेल्या कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घेतला, तर अर्ज आणि नकार यांत अडकलेल्या अनेक इमारतींत महिन्याभरात मार्ग निघेल. त्यांना फक्त आपल्याच जिन्यावरचे दरवाजे ठोठवायचे आहेत.